घरबसल्या एलसी, घरबसल्या जोखीम

खामगावच्या एमआयडीसीत माझ्या एका स्नेह्याची डाळमिल आहे. तुरीची डाळ करायची म्हणजे खडा, काळा दाणा, साल राहिलेला दाणा वेगळा काढणे आले. पूर्वी हे काम मिलमध्ये बायका सूप घेऊन करीत. आता ते रंग ओळखणारे यंत्र करते. डाळमिलवाले त्याला सॉर्टेक्स म्हणतात. वरून दाणे च्यूटमधून घरंगळत येतात, कॅमेरा एकेक दाणा पाहतो आणि नको असलेला दाणा हवेच्या झोताने बाजूला उडवला जातो. जितके च्यूट जास्त, तितका माल जास्त निघतो.

मागच्या एका हंगामाआधी स्नेह्याने असे यंत्र चीनमधून मागवले. पाच च्यूटचे. किंमत पंचवीस हजार डॉलर, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. पैसे एलसीने द्यायचे ठरले. बँकेकडून मर्यादा मंजूर करून घेण्यासाठी राहते घर तारण पडले होते. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या मुलाने रात्री जेवणे आटोपल्यावर लॅपटॉप उघडला आणि बँकेच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. वडिलांनी आपल्या मोबाइलवर आलेला आकडा टाकून तो मंजूर केला. तिसऱ्या दिवशी एलसी उघडल्याचा निरोप आला. बँकेची पायरी चढावी लागली नाही, याचे घरात सर्वांना कौतुक वाटले.

दीड महिन्याने न्हावाशेव्याहून यंत्र आले. पेटी उघडली, आणि संध्याकाळी स्नेही माझ्या दारात. "भाऊ, पैसे तं केव्हाचेच गेले, अन् मशीन पाहतो तं तीनच च्यूटचं!" त्याचा सगळा राग बँकेवर होता. मशीन न पाहता बँकेने पैसे दिलेच कसे?

माझी नोकरीतली बरीच वर्षे बँकेच्या परदेशी व्यवहारांच्या टेबलावर गेली. मी सारे कागद मागवले आणि वाचले. बँकेचे काहीही चुकलेले नव्हते. मालाच्या वर्णनाच्या रकान्यात मुलाने लिहिले होते, 'रंगानुसार धान्य निवडण्याचे यंत्र, नग एक.' मॉडेल नाही, च्यूटची संख्या नाही. सोबत कोणते कागद हवेत, या यादीत तीनच नावे होती. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग. माल रवाना होण्यापूर्वी तिसऱ्या कोणी तो तपासल्याचा दाखला मागितलेलाच नव्हता. विकणाऱ्याने एक यंत्र पाठवले, तीन कागद पाठवले. कागद अर्जाशी जुळले आणि बँकेने पैसे दिले. न देण्याची तिला मुभाच नव्हती.

ही एका घरची गोष्ट असली, तरी आज ती पुष्कळांची होऊ शकते. म्हणून एलसी म्हणजे काय, हे आधी साध्या भाषेत पाहू.

पुस्तकी मराठीत ज्याला पतपत्र म्हणतात, त्यालाच व्यापारी 'एलसी' म्हणतात. खामगावचा माणूस चीनमधल्या माणसाला ओळखत नाही. आधी पैसे पाठवावेत, तर माल येईलच याची खात्री नाही. आधी माल पाठवावा, तर पैसे मिळतीलच याची खात्री त्याला नाही. मग मध्ये बँक उभी राहते. 'अमुक तारखेपर्यंत माल जहाजावर चढवल्याचे अमुक कागद आणा, पैसे मी देते', असे वचन घेणाऱ्याची बँक विकणाऱ्याला देते. हे वचन एकदा दिले, की विकणाऱ्याच्या संमतीवाचून ते मागे घेता येत नाही किंवा बदलताही येत नाही. स्विफ्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय बँकिंग जाळ्यातून ते काही मिनिटांत त्याच्या देशातील बँकेकडे पोहोचते.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रकार अगदीच अनोळखी वाटला नसता. त्यांच्याकडे हुंडी होती. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी, ठरल्या मुदतीने पैसे मिळणारी ती मुदती. एलसीचेही हेच दोन मुख्य प्रकार आहेत. पण हुंडीचा आणखी एक प्रकार होता, जोखमी हुंडी. जहाजातून पाठवलेल्या मालावर ती काढली जाई आणि माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे मिळत. वाटेत जहाज बुडाले, तर हुंडीही बुडाली. म्हणजे वचन मालाशी बांधलेले होते. एलसी याच्या नेमकी उलट आहे. तिचे वचन कागदाशी बांधलेले आहे.

हे कोणा बँकेने सोयीसाठी काढलेले धोरण नाही. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने एलसीचे नियम पहिल्यांदा १९३३ साली केले. आज जगभर चालतात ते १ जुलै २००७ पासून लागू झालेले ३९ कलमांचे नियम, ज्यांना यूसीपी ६०० म्हणतात. त्यातले पाचवे कलम सांगते, की बँकेचा व्यवहार कागदपत्रांशी आहे, त्या कागदांमागच्या मालाशी नाही. चौथे कलम सांगते, की खरेदी-विक्रीचा करार वेगळा आणि एलसी वेगळी. कागद हाती आल्यानंतर ते तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. खामगावच्या चांदीच्या बाजारात जाणकार सराफ ठसा पाहतो आणि शंका आली तर चांदी कसही लावून पाहतो. एलसीत बँक फक्त ठसा वाचते. कस लावायचा, तर तो कोणी, कुठे आणि केव्हा लावायचा, हे अर्जातच लिहावे लागते.

आपल्या न्यायालयांचीही हीच भूमिका आहे. युनायटेड कमर्शियल बँक विरुद्ध बँक ऑफ इंडिया हा मोहरीच्या तेलाच्या व्यवहारातून निघालेला खटला सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली निकालात काढला. एलसीखालच्या देण्याला न्यायालयांनी सहसा मनाई हुकूम देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. उघड लबाडी सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण ज्याने पाच च्यूट लिहिलेच नाहीत, त्याने लबाडी सिद्ध कशी करायची?

आता मुद्दा संगणकाचा. एलसीचा अर्ज पूर्वीही कागदावर भरायचाच होता, मग ऑनलाइन आल्याने बिघडले कुठे?

बिघडले असे नाही, पण एक माणूस मधून गेला. त्या काळी अर्जदार आमच्या टेबलासमोर बसे. त्याने भरून आणलेला छापील अर्ज आम्ही वाचत असू आणि वाचता वाचता बोलत असू. "शेठ, मॉडेल नंबर टाकला नाही." "माल चढवायची शेवटची तारीख आणि एलसीची मुदत एकच कशी? त्याला कागद गोळा करायला दिवस द्या." "विमा कोण उतरवणार, तुम्ही की तो?" यातले काहीही सांगायला आम्ही बांधलेले नव्हतो. नियमाने अर्जदार लिहील ते खरे. पण समोर माणूस असला, की तोंडून निघून जाते. त्या दहा मिनिटांच्या बोलण्यात अनेकांचे लाखो रुपये वाचले असतील. त्या बोलण्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.

आज बहुतेक मोठ्या बँकांनी हे काम संकेतस्थळावर आणले आहे. स्टेट बँकेचे ई-ट्रेड, आयसीआयसीआयचे ट्रेड ऑनलाइन, एचडीएफसीचे ट्रेड ऑन नेट अशी त्यांची नावे व्यापाऱ्यांना ठाऊक आहेत. आयातदाराचा कोड, म्हणजे आयईसी, विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइनच मिळतो. आयात माल कस्टममधून सुटल्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, त्याची माहितीही २०१६ पासून रिझर्व्ह बँकेच्या संगणक प्रणालीतून बँकांकडे जाते. परदेशी पैसे गेले आणि माल आलाच नाही, असे झाले तर ते आता लपत नाही. एलसीचा अर्जही एकाने भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी दुहेरी व्यवस्था असते. संगणक रिकामा रकाना पुढे जाऊ देत नाही. पण भरलेला रकाना पुरेसा भरला आहे का, हे त्याला कळत नाही. 'यंत्र, नग एक' हे त्याच्या दृष्टीने संपूर्ण उत्तर असते.

आणि दुहेरी मंजुरीचे घराघरात काय होते, तेही पाहिले पाहिजे. मुलगा भरतो, वडील आकडा टाकतात. मुलाला यंत्र कळते, यूसीपी कळत नाही. वडिलांना व्यापार कळतो, इंग्रजी रकाने कळत नाहीत. दोघांनाही वाटते, दुसऱ्याने पाहिले आहे.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तेव्हा आयात करायची तर आधी परवाना, मग त्याच्या नकला, मग बँकेची मोठी शाखा गाठायची. तालुक्याच्या शाखेतून फाइल जिल्ह्याला, तिथून नागपूर किंवा मुंबईला जायची आणि तिच्या मागे माणूस. खामगावहून मुंबई पाचशेहून अधिक किलोमीटर. लहान कारखानदाराला हे झेपत नसे, म्हणून आयात हा मुंबईच्या मोठ्या पेढ्यांचा मक्ता होऊन बसला होता. आज खामगावच्या, मलकापूरच्या किंवा चिखलीच्या माणसाला तो दरवाजा उघडला आहे, ही लहान गोष्ट नाही.

माणसांच्या हातात सगळे ठेवल्याने काय होते, याचा धडाही देशाने २०१८ साली घेतला. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हिरे व्यापाऱ्यांसाठी हमीचे संदेश स्विफ्टवरून परदेशी बँकांना गेले, पण त्यांची नोंद बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत झालीच नाही. तो आकडा पुढे १३ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. ती पत्रे एलसी नव्हती, 'लेटर ऑफ अंडरटेकिंग' नावाचा तो वेगळा प्रकार. रिझर्व्ह बँकेने १३ मार्च २०१८ रोजी आयातीच्या कर्जासाठीचा तो प्रकारच बंद केला. एलसी मात्र चालू राहिली, कारण तिच्यामागे कागदांची साखळी असते. तेव्हा यंत्रावर नोंद झालीच पाहिजे, यात शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्र आले, पण ते वाचायला शिकवणारा आला का?

हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होताच. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. आगगाडीबरोबर तार आली. फोलकार्टसारख्या स्विस पेढीने इथे खरेदीचे ठाणे मांडले. लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात कळू लागला आणि इथल्या कापसाची मागणी समुद्रापलीकडून तारेने येऊ लागली.

त्या काळातले ते 'ऑनलाइन'च म्हणा. पण तार कोणाच्या हातात पडत होती? पेढीच्या, दलालाच्या, अडत्याच्या. कापूस पिकवणारा बैलगाडीवर बसून वाट पाहत होता. भाव चढला की तो त्याला उशिरा कळे. भाव पडला की लगेच कळे, कारण अडत्या ते आवर्जून सांगे. अंतर मिटले होते खरे, पण ज्याला तार वाचता येत होती त्याच्यासाठी. ज्याला येत नव्हती, त्याच्या पदरात जोखीम तेवढी आली.

दीडशे वर्षांनी पडद्यावरचा अर्ज त्याच ठिकाणी उभा आहे. आणि त्याचे परिणाम अर्ज भरणाऱ्यापुरते थांबत नाहीत. कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पापासून असलेले ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आमच्याकडच्या वेचणीचा काळ. गिरणीमालकाला सूत स्वस्त पडावे, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण दोन बाजूंचा वेग पाहा. शुल्क उतरल्याची अधिसूचना सकाळी वाचून गिरणी संध्याकाळपर्यंत परदेशी कापसाच्या एलसीचा अर्ज पाठवू शकते. नांदुऱ्याच्या शेतकऱ्याने जूनमध्ये पेरलेला कापूस काही मागे घेता येत नाही. तुरीचेही तेच. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली केली आणि ती मुदत वर्षानुवर्षे वाढत गेली. म्यानमार आणि मोझांबिकच्या तुरीचे जहाज न्हावाशेव्याला लागते, तेव्हा त्याच्या मागे कुठेतरी कोणाची तरी एलसी उघडलेली असते. ती आपल्या ताटातल्या वरणाचा भाव ठरवते आणि बाजार समितीतल्या तुरीचाही. म्हणून हा विषय फक्त व्यापाऱ्यांचा नाही.

आमच्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. इथला पैसा मोठ्या प्रमाणात सहकारात आहे. १९८६ साली स्थापन झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था तर राज्याबाहेरही पोहोचली आहे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. परदेशी चलनाचा व्यवहार करायला रिझर्व्ह बँकेचा वेगळा परवाना लागतो आणि तो नागरी सहकारी बँकांपैकीही मोजक्याच बँकांकडे आहे. म्हणजे ज्या शाखेत आपल्याला नावाने ओळखतात, तिथे एलसी उघडता येत नाही. आणि जिथे उघडता येते, तिथला जाणकार अधिकारी नागपूर, पुणे किंवा मुंबईत बसलेला असतो. अर्ज त्याच्याकडे थेट जातो, माणूस जात नाही. शिवाय बँकेचे वचन बँकेइतकेच भक्कम असते, हेही आम्ही जवळून पाहिले आहे. मलकापूर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा बँकेचे नाव आणि बँकेची पत या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे ठेवीदारांना कळले. परदेशातला विकणारा ज्या बँकेची एलसी घेतो, तिची पत तो आधी तपासतो. आपणही ही सवय लावून घेतली तर वाईट नाही.

मग करायचे काय? एलसी टाळायची का? मुळीच नाही. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवण्यापेक्षा एलसी केव्हाही बरी. लहान आयातदारांची जी फसवणूक मी पाहिली, तिच्यातली मोठी प्रकरणे आगाऊ पाठवलेल्या पैशांची होती. फक्त एलसी ज्या कामाची आहे, ते काम तिच्याकडून करून घ्यायला हवे.

मालाचे वर्णन मोजके पण नेमके हवे. नाव, मॉडेल, क्षमता, नगांची संख्या, नवे की वापरलेले. तपासणीचा दाखला मागायचा, तर तो कोणती संस्था देईल आणि त्यात काय लिहिलेले असेल, हेही अर्जात हवे. नाहीतर विकणारा स्वतःच एक कागद लिहून त्याला दाखला म्हणेल. माल चढवण्याची शेवटची तारीख, त्यानंतर कागद सादर करण्याचे दिवस आणि एलसीची मुदत या तिन्हींत अंतर ठेवावे. काही लिहिले नसेल, तर नियम माल चढवल्यापासून २१ दिवस देतो. रकमेच्या किंवा वजनाच्या आकड्याआधी 'सुमारे' हा शब्द सहज म्हणून घालू नये. त्या एका शब्दाने दहा टक्के कमी-जास्तीची सूट मिळते. आणि डॉलरचा भाव एलसी उघडण्याच्या दिवशीचा नाही, पैसे देण्याच्या दिवशीचा लागतो, हे हिशेबात धरावे.

बँकांनाही एक काम अवघड नाही. पहिल्यांदा एलसी उघडणाऱ्याचा अर्ज स्विफ्टवर जाण्यापूर्वी तयार मसुदा त्याला दाखवावा आणि बँकेच्या अधिकाऱ्याने पाच मिनिटे फोनवर त्याच्याशी, त्याला समजेल त्या भाषेत बोलावे. एलसी निघून गेल्यानंतर दुरुस्ती करायची, तर विकणाऱ्याची संमती लागते आणि चुकीचा फायदा ज्याला होणार, तो संमती कशाला देईल? मराठीत छापलेली एक पानी सूचना, रकान्याचा अर्थ आणि तो चुकला तर काय होते, एवढे दिले तरी पुष्कळ होईल. हे काम एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या संघटनेला आणि वाणिज्य शाखेच्या महाविद्यालयांनाही करता येईल. खामगाव, चिखली, मलकापूरच्या मुलांना हे नियम शिकवले, तर दर गावात दोन-चार जाणकार तयार होतील. त्या टेबलावरचा माणूस परत येणार नाही. त्याच्याजवळचे ज्ञान मात्र गावात आणता येते.

हे सारे आयातदारासाठी लिहिले, तरी 'मला अटी मान्य आहेत' या चौकोनावर बोट टेकवणारे आपण सगळेच आहोत. विमा असो, कर्ज असो, मुलांच्या प्रवेशाचा अर्ज असो. पूर्वी कारकुनाने आपला अर्ज परत केला, की आपण चिडत होतो. आता कोणी परत करत नाही. अर्ज लगेच स्वीकारला जातो, आणि तो बरोबर होता की नाही, हे नंतर कळते.

माझ्या स्नेह्याने ते तीन च्यूटचे यंत्र बसवले. परत पाठवायचे म्हणजे पुन्हा भाडे आणि विकणारा पत्रांना उत्तर देईना. हंगामात पाच च्यूटचे काम तीन च्यूटवर करण्यासाठी त्याला रात्रपाळी चालवावी लागली. कर्जाचे हप्ते मात्र पाच च्यूटच्या हिशेबाने चालू आहेत. अलीकडे सुटे भाग मागवायचे होते, तेव्हा बाप-लेक लॅपटॉप घेऊनच माझ्याकडे आले. मुलगा एकेक रकाना मोठ्याने वाचत होता, वडील त्याचा अर्थ विचारत होते. अर्ज पाठवायला दीड तास लागला. एवढ्या वेळात पूर्वी ते बँकेत जाऊन आले असते, असे वडील म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या रकान्यापासून वाच, असे त्यांनी मुलाला सांगितले.